करवंट्यांचा घोडा: कॉमेंटरी लावून सिनेमा कसा बघायचा

"ताई, ही डिस्क बदलून द्या. पिक्चर चालू असताना मागे दोन माणसं सारखी बडबडतायत."

मी डोंबिवली पूर्वेला अकरा वर्षं सीडी-डीव्हीडीची लायब्ररी चालवली. भाडं दिवसाला २० रुपये, डिपॉझिट ५००, तक्रारी फुकट. त्यातल्या एकाच डिस्कवर तीन गिऱ्हाइकांनी तीन तक्रारी आणल्या. डिस्क होती 'मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल'ची, माझ्या आत्येभावानं लंडनहून आणलेली. मॉन्टी पायथन हे ब्रिटिश विनोदवीरांचं टोळकं, आणि हा त्यांचा दंतकथेतल्या आर्थर राजाची टिंगल करणारा सिनेमा. पहिली तक्रार वर लिहिलीच. दुसरी अशी, की सबटायटल्स चुकीची आहेत, माणसं बोलतात एक आणि खाली येतं भलतंच जुनाट इंग्रजी. तिसरी म्हणजे पिक्चर अर्धवट आहे, ऐन लढाई सुरू होताना बंद पडतो.

डिस्क घरी नेली, मऊ फडक्यानं पुसली आणि लावली. ठणठणीत होती. पहिल्या गिऱ्हाइकाच्या हातून रिमोटवरचं ऑडिओचं बटण दाबलं गेलं होतं, त्यामुळे दिग्दर्शकांची कॉमेंटरी लागली होती, म्हणजे सिनेमा चालू असताना तो बनवणारेच त्याबद्दल बोलत राहतात तो वेगळा ऑडिओ ट्रॅक. दुसऱ्यानं मेनूत जाऊन 'ज्यांना हा सिनेमा आवडत नाही त्यांच्यासाठी' अशी सबटायटल्स निवडली होती. त्यात शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या दुसऱ्या भागातल्या ओळी प्रसंगाला जुळतील अशा बसवल्या आहेत, आणि हा सगळा डिस्क बनवणाऱ्यांचाच चावटपणा. तिसऱ्याला काय सांगणार? सिनेमा खरंच तसाच संपतो. सैन्य धावून येतं, पोलिसांची गाडी येते, राजाला पकडतात, एक पोलीस कॅमेऱ्यावर हात ठेवतो, की संपलं. नंतर काळ्या पडद्यावर नुसता ऑर्गन वाजत राहतो.

त्या रात्री मी दीड वाजेपर्यंत ती 'बडबड' ऐकत बसले. तेव्हापासून हा नाद लागला. आता भाचा विचारतो, की मावशी, कॉमेंटरी म्हणजे क्रिकेटची ना? त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी डिस्क

स्ट्रीमिंगवर कॉमेंटरी बहुतेक नसतेच. तिथे तुम्हाला फक्त सिनेमा मिळतो, घासाघीस न होता नुसती भाजी मिळावी तसा. त्यामुळे डीव्हीडी किंवा ब्लू-रेच शोधा, आणि घेण्याआधी मागचं कव्हर वाचा. एकाच सिनेमाच्या चार आवृत्त्या निघतात, त्यातल्या एखादीवरच 'ऑडिओ कॉमेंटरी' छापलेलं असतं. 'होली ग्रेल'ची २००१ साली दोन डिस्कची खास आवृत्ती आली. तिच्यात दोन स्वतंत्र कॉमेंटरी आहेत. एक टेरी गिलियम आणि टेरी जोन्स या दोघा दिग्दर्शकांची, दुसरी जॉन क्लीझ, एरिक आयडल आणि मायकेल पेलिन या नटांची.

रीजन, म्हणजे डिस्क कुठल्या देशांसाठी काढली आहे तो आकडा, बघायला विसरू नका. डीव्हीडीच्या हिशेबात भारत रीजन ५ मध्ये येतो, ब्रिटन २ मध्ये, अमेरिका १ मध्ये. परदेशातून आणलेली डिस्क इथल्या साध्या प्लेअरवर पुष्कळदा रुसते. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला रीजन बदलायची मुभा पाचच वेळा असते, म्हणून तिथे उगाच 'ओके' दाबत सुटू नका. मी तसं करून एक ड्राइव्ह कायमचा अमेरिकन करून ठेवला होता. व्हीएलसी प्लेअर बहुतेक वेळा रीजनची कटकट न करता डिस्क चालवतो. त्यात कीबोर्डवर 'बी' दाबलं की ऑडिओ ट्रॅक बदलतो आणि 'व्ही' दाबलं की सबटायटल्स. घरच्या प्लेअरच्या रिमोटवर ऑडिओ नावाचं बटण असतंच, बहुतेकांनी ते आयुष्यात दाबलेलं नसतं एवढंच.

पहिल्या वेळी कॉमेंटरी नको

हा नियम मोडू नका. आधी सिनेमा साधा, सरळ, चार माणसं जमवून बघा. विनोदी सिनेमा एकट्यानं बघणं म्हणजे एकट्यानं पत्ते खेळणं.

माझं पहिल्यांदा काय झालं ते सांगते. सुरुवातीलाच धुक्यातून टापांचा आवाज येतो. वाटतं, आता घोडा दिसणार. दिसतो राजा आर्थर, घोड्याशिवाय, घोड्यावर बसल्यासारखा दुडक्या चालीनं येणारा, आणि त्याच्यामागे करवंट्या आपटणारा नोकर. खोलीतले बाकीचे हसले, मी नाही. माझं आजोळ कुडाळकडचं. दशावतारात एक बाकडं ठेवलं की सिंहासन होतं, राजा मंचावर एक फेरी मारतो आणि दुसऱ्या राज्यात पोचतो. कुणी विचारत नाही की घोडा कुठाय. मग किल्ल्याच्या तटावरचा पहारेकरी राजाला विचारायला लागतो, की या थंड मुलखात तुला नारळ मिळाला कुठे? तो उष्ण प्रदेशात होतो! पाकोळीनं उचलून आणला काय? तेव्हा मात्र मी हसून आडवी झाले. घोडा नाही याचं त्याला काहीच नाही, त्याची हरकत नारळाला. इंग्रजाला नारळ विचित्र वाटतो, मला तो प्रश्न विचित्र वाटला. एकाच विनोदाला दोघं दोन बाजूंनी हसलो.

तुमची पहिली फेरी अशी कोरी जाऊ द्या. कुठे हसलात आणि कुठे नाही, तेवढं लक्षात ठेवा. पुढे कामाला येतं.

दुसरी फेरी: वही घेऊन

आता दिग्दर्शकांची कॉमेंटरी लावा, आणि सिनेमाची खरी सबटायटल्स चालू ठेवा. कॉमेंटरी लागली की मूळ संवाद दबतात, सबटायटल्स असली की दोन्ही धागे हातात राहतात. सिनेमा दीड तासाचा आहे, पण कॉमेंटरीसह एका बैठकीत संपवू नका. अर्ध्या तासाचे तीन तुकडे करा. अर्ध्या तासानंतर कान थकतो आणि माणसं नुसती पुटपुटतायत असं वाटायला लागतं.

मी लायब्ररीच्या जुन्या लेजरमध्ये लिहायचे. डावीकडे वेळ, उजवीकडे एक ओळ. माझ्या नोंदी अशा आहेत: 'चिलखत = स्वेटर!' 'हाच किल्ला पुन्हा?' 'ससा धुतला गेला का?' 'पूल. हा राजा नाही. थांबवून बघ.'

वहीत फक्त एकच गोष्ट टिपायची. इथे पैसे संपले होते का, आणि संपले तेव्हा यांनी काय केलं? कमी खर्चाच्या विनोदी सिनेमाची सगळी गंमत त्या जागांवर असते. ज्या सिनेमात पैसा पुरला, त्याच्या कॉमेंटरीत लोक एकमेकांचे आभार मानत बसतात. तशा मी चिक्कार ऐकल्यात आणि बहुतेक मध्येच बंद केल्यात.

'होली ग्रेल' तर अशा जागांनी भरलेला आहे. १९७४ साली स्कॉटलंडमध्ये चित्रीकरण झालं, १९७५ मध्ये तो लागला. खर्च अडीच लाख पौंडांच्या आसपास. पैसे घालणाऱ्यांमध्ये पिंक फ्लॉइड आणि लेड झेपेलिन ही रॉकमंडळी होती. घोडे परवडणार नाहीत हे कळल्यावर करवंट्या आल्या. जुन्या रेडिओ नाटकांत टापांचा आवाज तसाच काढत, यांनी तो आवाज काढणारा माणूसच पडद्यावर आणला. तो नोकर कोण आहे ते नीट बघा. स्वतः टेरी गिलियम, दोन दिग्दर्शकांपैकी एक. आणि सबंध सिनेमात खरा घोडा जवळपास दिसतच नाही. मध्येच एक आधुनिक इतिहासकार येऊन माहिती सांगू लागतो, तेव्हा एक सरदार खऱ्या घोड्यावरून येतो आणि त्याला कापून जातो. घोड्यासाठी जेवढे पैसे होते ते असे उडवले.

चिलखतं लोकरीची आहेत. विणून वर चंदेरी रंग दिलेला. स्कॉटलंडच्या पावसात ती भिजून जड व्हायची आणि अंगावर तशीच राहायची. हे एकदा कळलं की सरदारांच्या तोंडावरचं वैतागलेपण तुम्ही नव्यानं बघता. अभिनय किती आणि ओली लोकर किती, ते आपलं आपण ठरवायचं.

किल्ल्यांची गोष्ट तर बटण दाबून थांबवत थांबवत बघण्यासारखी. यांनी वेगवेगळे किल्ले हेरून ठेवले होते. चित्रीकरण तोंडावर आलं आणि सरकारी ताब्यातल्या किल्ल्यांची परवानगी गेली. उरले खाजगी मालकीचे दोन, स्टर्लिंगजवळचा डून आणि पश्चिम किनाऱ्यावर पाण्यात उभा असलेला स्टॉकर. स्टॉकर शेवटाला दिसतो. बाकी जिथे जिथे किल्ला येतो तिथे बहुतेक डूनच आहे, कधी फ्रेंचांचा, कधी बायकांनी भरलेला, कधी लग्नाचा, कधी आतून कॅमेलॉट, म्हणजे आर्थरचा दरबार. एकदा हे कळलं की मागे जा आणि दगड ओळखायचा खेळ खेळा, आमच्याकडे मुलांना फार आवडला. लांबून दिसणारं कॅमेलॉट मात्र चक्क प्रतिकृती आहे. सरदार भारावून बघत असतात आणि नोकर हळूच म्हणतो की ते नुसतं मॉडेल आहे. दुसऱ्या कुणी ती लपवली असती.

सुरुवातीच्या श्रेयनामावलीला पैसा नव्हता, म्हणून काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि खाली खोटी स्वीडिश सबटायटल्स. संगीतही तसंच. नील इन्सनं संगीत केलं होतं, पण ते या सिनेमाला बसेना. मग डी वुल्फ या संगीतसंग्रहातले तयार तुकडे घेतले, भारदस्त, शूरवीरांच्या सिनेमाला शोभणारे. त्या भारदस्तपणामुळेच करवंट्या जास्त हास्यास्पद वाटतात.

आणि तो पांढरा ससा. टे सरोवराकाठच्या जुन्या तांब्याच्या खाणीपाशी तो प्रसंग घेतला. गरीब दिसणारा ससा शूर सरदारांचे गळे फोडतो. त्याला लाल रंग लावला, वाटलं पाण्यानं जाईल. गेला नाही. मालकाला काय तोंड दाखवायचं म्हणून चित्रीकरण थांबवून ससा धुण्याची खटपट चालली. एवढी सगळी फौज, आणि काम अडलं सशाच्या आंघोळीवर.

एका जागी दहा मिनिटं थांबा

प्रत्येक कॉमेंटरीत एक जागा अशी येते की तिथे हसणं कमी होतं. ती ओळखायला शिका. या सिनेमात ती जागा झुलत्या पुलाची.

ग्लेनकोच्या डोंगरात दरीवर दोरखंडाचा पूल बांधला होता, हॅमिश मॅकइनेस या गिर्यारोहकानं. पुलावर एक म्हातारा तीन प्रश्न विचारतो आणि उत्तर चुकलं की माणूस दरीत भिरकावला जातो. चित्रीकरणाचा पहिलाच दिवस इथला. पहिल्याच शॉटला कॅमेरा मोडला. प्रश्न विचारणारा तो म्हाताराही गिलियमच, म्हणजे एक दिग्दर्शक दाढी आणि रंग लावून उभा आणि कॅमेरा बंद.

आता राजा बघा. आर्थर झालेला ग्रॅहम चॅपमन शिकलेला डॉक्टर आणि गिर्यारोहणाची आवड असलेला माणूस. तरी त्या दिवशी त्याच्यानं पूल ओलांडवेना, हातपाय थरथरत होते. तो दारूच्या पुरता आहारी गेला होता आणि डोंगरात त्या सकाळी त्याला ती मिळाली नव्हती. लांबच्या शॉटमध्ये पूल ओलांडणारा राजा चॅपमन नव्हे, तो सहाय्यक दिग्दर्शक आहे. चित्र थांबवा आणि बघा. मी तो तुकडा आठ-दहा वेळा मागेपुढे केला असेल. आधी नुसता मुकुट घातलेला माणूस दिसायचा, मग चाल वेगळी दिसायला लागली.

पुढे १९७७ च्या अखेरीस चॅपमननं दारू सोडली. १९८९ मध्ये तो गेला. म्हणून २००१ च्या डिस्कवरच्या दोन्ही कॉमेंटरी ऐकल्या तरी राजाचा आवाज कुठेच नाही. सगळे ज्याच्याबद्दल बोलतात तोच गैरहजर. २०२० मध्ये टेरी जोन्सही गेला. त्यानंतर मी ती डिस्क पुन्हा लावली तेव्हा पुलाची जागा यायच्या आधीच उठून चहा टाकला.

तिसरी फेरी नटांची

दोनेक आठवडे जाऊ द्या, मग दुसरी कॉमेंटरी लावा. वही तीच, शाई वेगळी. तोच प्रसंग दिग्दर्शकांना कसा आठवतो आणि नटांना कसा, हे शेजारी शेजारी लिहा. इथे दिग्दर्शक दोन होते. जोन्स नटांना सांभाळायचा, गिलियमला कॅमेऱ्यातली चौकट मनासारखी हवी असायची, आणि चौकटीसाठी अवघडून बसवलेल्या नटांनी त्याच्याशी भांडणं केली. साधा ठोकताळा सांगते. दिग्दर्शकाला धुकं आठवतं, नटाला थंडी.

अजून एक कान तयार करा. बोलणारी माणसं एका खोलीत बसली आहेत की वेगवेगळी रेकॉर्ड करून जोडली आहेत? एका खोलीत असतील तर एकमेकांचं वाक्य तोडतात, मध्येच हसतात, कप ठेवल्याचा आवाज येतो. जोडलेली असतील तर प्रत्येक जण सभेत बोलल्यासारखं पूर्ण वाक्य बोलतो. मला कपाचा आवाज असलेल्या आवडतात. तसा हा प्रकार सुरू झाला तो एकट्या माणसापासून. १९८४ मध्ये क्रायटेरियन या कंपनीनं 'किंग काँग'ची लेझरडिस्क, म्हणजे डीव्हीडीच्या आधीची मोठी चकती, काढली, तिच्या दुसऱ्या ध्वनिपट्टीवर रोनाल्ड हेव्हर या अभ्यासकानं सिनेमाभर बोलून ठेवलं. पट्टी मोकळी होती, वापरून टाकली.

आता स्वतःची कॉमेंटरी करा

इथपर्यंत आलात तर हे केल्याशिवाय राहवणार नाही. भारी सिनेमा घेऊ नका. घरातल्या कुणीतरी ज्यात हात घातलाय असं काहीतरी घ्या, गॅदरिंगची कॅसेट, गणपतीतलं नाटक, लग्नाचा व्हिडिओ. मी घेतलं आजोळच्या वाडीतलं ऐतिहासिक नाटक. तीस वर्षांपूर्वी शाळेच्या मैदानात झालेलं, त्यात मामा सरदार. कॅसेटची डीव्हीडी करून देणाऱ्यानं सुरुवातीची चार मिनिटं खाल्ली आणि पैसे पूर्ण घेतले, पण ते असो.

बोलणाऱ्यांना इअरफोन द्या म्हणजे नाटकाचा आवाज बाहेर येणार नाही आणि मोबाइलवर फक्त माणसांचा आवाज रेकॉर्ड होईल. मोबाइल टेबलावर घडी केलेल्या टॉवेलवर ठेवा, नाहीतर प्रत्येक थाप ढोलासारखी ऐकू येते. तीनपेक्षा जास्त माणसं नकोत, आणि त्यातलं एक असं हवं ज्याला काहीच माहीत नाही. तेच प्रश्न विचारतं. पडद्यावर जे दिसतंय ते सांगायचं नाही, 'आता मी आत येतो' वगैरे. जे दिसत नाही ते सांगा. जुळवणीसाठी एक ठरलेली चौकट धरा. आम्ही पडदा सरकायला लागला त्या क्षणी टाळी मारली, म्हणजे करवंट्या आपटल्या. मामीनं त्याच सकाळी नारळ खवला होता. नंतर कॉम्प्युटरवर तो आवाज पडद्याशी जुळवला की पुढचं सगळं आपोआप बसतं. हळूहळू पुढेमागे सरकत गेलं तर व्हिडिओचा वेग तपासा. पॅल या भारत-युरोपातल्या टीव्ही पद्धतीच्या डिस्कवर सिनेमा सेकंदाला २४ ऐवजी २५ चौकटींनी धावतो, ९२ मिनिटांचा ८८ मिनिटांत संपतो. एका प्रतीवर केलेली कॉमेंटरी दुसऱ्या प्रतीला लागत नाही.

आमच्यात प्रश्न विचारायला भाचा होता. त्यानं विचारलं, हा सरदार सबंध दुसरा अंक बसूनच का बोलतो? मामा म्हणाला, कमरेचा शेला सुटला होता, उठलो असतो तर सुरवार खाली. तलवारी पत्र्याच्या, सिंहासन हेडमास्तरांची खुर्ची. मग भाच्यानं विचारलं की मागचा जरीचा पडदा भारी आहे, तो कुठून आणला? मामा म्हणाला, मंडळाचा असेल.

स्वयंपाकघरातून मामीचा आवाज आला. "मंडळाचो नाय! तां माझां लग्नातलां लुगडां होतां!"

त्यानंतर ट्रॅकवर मामा अकरा सेकंद गप्प आहे. भाचा म्हणाला, मावशी, एवढं रिकामं काढून टाकू या का? मी म्हटलं, हात लावलास तर बघ.